स्विचला काउंटडाउन टायमर कसा लावावा

‘पंखा 15 मिनिटांनी बंद’ यासाठी होम असिस्टंटच्या (घरातली स्मार्ट उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर) ऑटोमेशनमध्ये सरळ डिले, म्हणजे थांबण्याची पायरी, टाकू नका. मध्येच सिस्टिम रीस्टार्ट झाली की डिले पुसला जातो, पंखा चालूच राहतो. सेटिंग्जमधल्या हेल्पर्समध्ये टायमर बनवा, कालावधी 00:15:00 ठेवा आणि रिस्टोअर (रीस्टार्टनंतरही टायमर टिकवणारा पर्याय) चालू करा. नेमकं तेच करायचं राहून जातं.

मग ऑटोमेशन: स्विच चालू झाला की टायमर सुरू, टायमर संपल्याचा इव्हेंट आला की स्विच बंद, हाताने बंद केला तर टायमर रद्द. इव्हेंटमध्ये आपल्या टायमरची एंटिटी आयडी (सिस्टिममधली त्याची ओळख) द्याच, नाहीतर घरातला कुठलाही टायमर संपला तरी हा पंखा बंद होईल. पहिल्या ट्रिगरमध्ये ‘ऑफवरून ऑन’ असं दोन्ही लिहा. नुसतं ‘ऑन’ लिहिलं, तर वायफाय तुटून जोडलं गेल्यावरही ट्रिगर लागतो आणि मोजणी पुन्हा शून्यापासून.

स्विचवर टास्मोटा (स्विचच्या आतच चालणारं सॉफ्टवेअर) असेल तर त्यातली पल्सटाइम ही आपोआप बंद करणारी कमांड जास्त भरवशाची, कारण सर्व्हर बंद पडला तरी स्विच स्वतः मोजतो. आकडा मात्र सेकंद अधिक 100 असा द्यायचा: 900 सेकंदांसाठी ‘पल्सटाइम1 1000’. चुकून 900 दिलं, तर पंखा 13 मिनिटं 20 सेकंदांतच थांबेल.