मराठवाड्याच्या उन्हात आणि धुळीत चामड्याचा सोफा कसा सांभाळावा

चामड्याच्या सोफ्याच्या निगेविषयी जे सल्ले सर्वत्र छापलेले आढळतात, त्यांतील बरेचसे थंड आणि दमट प्रदेशांतील घरे डोळ्यांसमोर ठेवून दिलेले असतात. परभणी, नांदेड किंवा लातूरच्या घरात परिस्थिती निराळी असते. मे महिन्यात पारा बेचाळीस अंशांच्या पुढे जातो, शेतांतून आणि रस्त्यांवरून काळ्या मातीचा धुरळा दिवसभर घरात येत राहतो आणि नळाला किंवा बोअरला येणारे पाणी अनेकदा क्षारयुक्त असते. म्हणून आपल्याकडे सोफा चकचकीत करण्यापेक्षा चामड्यातील ओलावा आणि स्निग्धता टिकवणे हेच निगेचे मुख्य काम समजावे.

चामडे म्हणजे कमावलेली कातडी. तिच्या तंतूंमध्ये कमावतानाच ठरावीक प्रमाणात तेलकट द्रव्ये मुरवलेली असतात आणि त्या तंतूंत थोडे पाणीही असते. कोरड्या, तापलेल्या हवेत हे पाणी उडून जाते, तंतू ताठर होतात आणि बसताना-उठताना जिथे घडी पडते तिथे बारीक भेगा दिसू लागतात. एकदा पडलेली भेग घरगुती उपायांनी बुजत नाही, त्यामुळे सगळा भर ती पडू न देण्यावर असला पाहिजे.

कोणतेही द्रव्य लावण्यापूर्वी आपला सोफा कशाचा आहे हे पाहून घ्यावे. मागच्या किंवा खालच्या, सहज न दिसणाऱ्या भागावर पाण्याचा एक थेंब ठेवावा. तो वर तसाच राहिला तर चामड्यावर रंगाचा संरक्षक थर आहे असे समजावे. घरातले बहुतेक सोफे याच प्रकारचे असतात. थेंब लगेच मुरून तो भाग गडद झाला तर चामडे उघड्या रंध्रांचे आहे, आणि त्यावर पाण्याचे व तेलाचे डाग चटकन धरतात. मखमलीसारखी मऊ लव असलेले चामडे ओले करूच नये, ते कोरड्या मऊ ब्रशनेच झाडावे. शिवणीच्या आतली किंवा झिपखालची कड उलटून पाहिल्यास तिथे विणलेले कापड दिसले तर ते रेक्झिन, म्हणजे कापडावर प्लास्टिकचा थर दिलेले कृत्रिम चामडे होय. पुष्कळ सोफ्यांत बसण्याची जागा चामड्याची आणि बाजू व पाठ रेक्झिनची असते, म्हणून दोन्ही ठिकाणी पाहावे.

धूळ हा आपल्याकडचा रोजचा प्रश्न. ती ओल्या फडक्याने पुसण्याची सवय अनेक घरांत आहे, पण काळ्या मातीचे बारीक कण ओले झाले की त्यांचा चिखल होतो आणि तोच फडक्याबरोबर चामड्यावर घासला जातो. आधी कोरड्या मऊ कापडाने धूळ हलक्या हाताने उचलून घ्यावी. गाद्यांच्या फटींत आणि शिवणींत साचलेली माती व्हॅक्युम क्लीनरला मऊ केसांचा ब्रश लावून काढावी, क्लीनर नसेल तर रंगकामाचा नवा, मऊ ब्रश चालतो. उन्हाळ्यात हे काम एक दिवसाआड करणे योग्य, आणि वादळी वारे सुटले तर त्याच संध्याकाळी.

धूळ पूर्ण निघाल्यावरच, महिन्यातून एकदा, ओलसर पुसणी करावी. त्यासाठी बोअरचे पाणी वापरू नये, कारण ते वाळल्यावर क्षारांचे पांढरे चट्टे राहतात. घरातले आरओचे पाणी वाटीभर पुरते. कापड त्यात बुडवून घट्ट पिळावे, इतके की दाबले तरी थेंब पडू नये, आणि लगेच कोरड्या कापडाने पुसून घ्यावे. कपड्यांचा वा भांड्यांचा साबण, सोडा आणि फिनाईल हे पदार्थ सोफ्याजवळ आणू नयेत. चामडे स्वभावतः किंचित आम्लधर्मी असते आणि क्षारधर्मी साबणाने त्याचा वरचा थर कोरडा पडून निस्तेज होतो. मळ जास्त असेल तर चामड्यासाठीच तयार केलेला क्लीनर घ्यावा. दसरा-दिवाळीच्या साफसफाईत घरातले सारे काही धुऊन काढण्याचा उत्साह असतो. त्यातून सोफा कटाक्षाने वगळावा.

पुसून वाळलेल्या चामड्यावर कंडिशनर, म्हणजे चामड्याची स्निग्धता टिकवण्यासाठी बनवलेला लेप लावायचा. उन्हाळा सुरू होण्यापूर्वी, म्हणजे होळीच्या आसपास एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा, एवढे बहुतेक घरांना पुरते; खिडकीजवळच्या किंवा सतत एसी चालणाऱ्या खोलीतल्या सोफ्याला मधे आणखी एकदा लावावा. कापडावर थोडासा घेऊन पातळ पसरावा, थोडा वेळ मुरू द्यावा आणि उरलेला पुसून काढावा. खोबरेल, तिळाचे किंवा करडईचे तेल त्याऐवजी वापरू नये. पहिले काही दिवस चमक दिसते, पुढे तेल गडद होते, खवट वास येतो आणि त्याच्या चिकटपणावर धुरळा पक्का बसतो. बुटांचे पॉलिशही नको, त्याचा रंग कपड्यांना लागतो.

डोक्याच्या तेलाचा डाग आपल्या घरांत अटळ असतो, कारण मान टेकण्याच्या जागी तेल रोज थोडे थोडे मुरत राहते आणि वरचा थर चिकट होऊन सोलवटतो. तिथे धुता येईल असे सुती कापड कायम घालावे, हा उपाय मला सर्वांत परिणामकारक वाटतो. ताज्या डागावर कॉर्नफ्लोअर पसरून रात्रभर ठेवावे आणि सकाळी झटकावे. तेल बरेचसे शोषले जाते. वरण किंवा भाजी सांडली तर चमच्याने उचलावी, कापडाने टिपावी, मात्र घासू नये. हळदीवर साबण लावला तर तो डाग तांबडा होतो. टिपूनही उरलेला पिवळा रंग उजेडात हळूहळू फिका पडतो, म्हणून घाई न करता वाट पाहावी.

सोफा थेट उन्हात नसावा, पडदे दुपारी ओढलेले असावेत. कूलरची ओलसर हवा चामड्याला अपायकारक नाही, पण कूलरच्या तोंडासमोर सोफा ठेवल्यास हवेबरोबर उडणाऱ्या बारीक तुषारांतून क्षारांचे ठिपके पडतात. पावसाळ्यात, विशेषतः बंद खोलीत, बुरशी येते. ती दिसताच सोफा शक्यतो बाहेर, सावलीत आणि वाऱ्यावर न्यावा, तोंडावर रुमाल बांधून कोरड्या ब्रशने बुरशी झाडावी आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोल व पाणी समप्रमाणात घेऊन कापडाने हलके पुसावे. हा उपाय रंगाचा थर असलेल्या चामड्यासाठीच आहे आणि तोही न दिसणाऱ्या जागी आधी करून पाहावा. नंतर सोफा भिंतीपासून वीतभर दूर ठेवावा.

रेक्झिनची गोष्ट वेगळी. त्यावरचा थर पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा असेल तर तो हवेतल्या ओलाव्याने आतून तुटत जातो आणि काही वर्षांनी पापुद्रे सुटतात. कंडिशनरने हे थांबत नाही. अशा बाजू पुसून स्वच्छ ठेवाव्यात आणि सोलवटू लागल्यावर कारागिराकडून तेवढाच भाग नव्या कापडाने मढवून घ्यावा. नवा सोफा घेताना पाठ आणि बाजू कशाच्या आहेत, हे बिलावर लिहून मागावे.