मशीन लावली तरी समजत नाही? या चुका टाळा

"आयकू येते, पन समजत नाई." आमच्याकडे कानाची मशीन नेलेला जवळपास प्रत्येक म्हातारा हेच सांगतो. सोबतचा मुलगा लगेच म्हणतो, "आवाज वाढवून द्या ना."

आवाज वाढवून हे सुटत नाही. उतारवयात बहुतेकांचे आधी उंच पट्टीचे आवाज जातात. स गेला की 'साठ'चे 'आठ' होतात. मशीन तो स परत आणते, पण इतक्या वर्षांनी तो चरचरीत, परका वाटतो. कानावर आलेला आवाज मेंदूत साठवलेल्याशी जुळला, तर बोलणं आपोआप कळतं. जुळला नाही, तर अंदाज बांधावा लागतो. स्वीडनचे संशोधक येर्कर रोनबर्ग यांनी नेमकी हीच गोष्ट मांडली आहे: या अंदाजात चालू स्मरणशक्ती, म्हणजे ऐकलेलं क्षणभर धरून त्याचा अर्थ लावणारी स्मरणशक्ती, खर्ची पडते.

म्हणून माझ्या लेखी सगळ्यात मोठी चूक म्हणजे मशीन डब्बीत जपून ठेवणे आणि लग्नाला लावणे. बँडबाजा, पंगत, शंभर माणसं एकदम बोलणारी! तिथं चांगल्या कानाचाही निभाव लागत नाही. नव्या आवाजाची सवय घरात, शांततेत, रोज लावून होते, आणि तिला काही आठवडे लागतात. चार दिवसांत "फायदा नाही" म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही.

दुसरी चूक, "बुढा नाटक करते." बाजार समितीत तूर विकणारे एक आबाजी होते. लिलावातली बोली अचूक पकडायचे, घरी सुनेचं बोलणं मात्र कळायचं नाही. मुलगा मशीन परत करायलाच आला होता. म्हणे, "कामाचं बरोबर आयकू येते त्याले!" अहो, येणारच. सात हजार दोनशेनंतर काय येणार, हे उभ्या आयुष्याच्या सवयीनं पाठ आहे. त्यांना अर्धा आवाजही पुरतो. 'केवायसी' हा शब्द मात्र त्यांच्या साठ्यातच नाही. मी सुनेला समोर बसवून म्हटलं, आधी विषय सांगा, मग थांबा. ती म्हणाली, "मामाजी, बँकेचं बोलते." आबाजींनी मान वर केली. "उद्या केवायसीले जा लागते." त्यांचा लगेच प्रश्न, "आधार न्या लागन काय?" मुलगा गप्प. मशीन परत आली नाही.

एका दमात तीन कामं सांगू नका. पहिल्या वाक्याची जुळवाजुळव चालू असताना तिसरं निसटतं आणि माणूस नुसता "हो हो" करतो. त्या "हो"वर भरवसा ठेवू नका, काय कळलं ते विचारा. चुलीकडे तोंड करून बोलू नका. ओरडूही नका, ओरडल्यानं शब्द फाटतात. नाही कळलं, तर तेच वाक्य वेगळ्या शब्दांत सांगा.

मेलेल्या काकाची मशीन पुतण्याला लावू नका. ती काकाच्या कानाच्या तपासणीवर बसवलेली असते.

आवाज अचानक कमी झाला, तर आधी टोकात मळ अडकला का ते पाहा. बऱ्याच तक्रारी तिथंच मिटतात. पावसाळ्यात रात्री मशीन ओलावा शोषणाऱ्या डबीत ठेवा.

सेलचा स्टिकर काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्या, मग बसवा. आणि स्टिकर परत चिकटवून सेल वाचत नाही; एकदा हवा लागली की तो उतरायला लागतोच.