एकटीने घरून काम करताना घर खायला उठतं? या चुका टाळा

मार्च २०२० मध्ये हिंजवडीच्या ऑफिसातून लॅपटॉप घेऊन घरी आले, तेव्हापासून घरूनच काम करते. टीम अमेरिकेत, मॅनेजर बंगळुरूत आणि मी कर्वेनगरात, वन बीएचकेत एकटी. हिंजवडीचं ट्रॅफिक सुटलं याचा आनंद काही महिने पुरला. मग एका सोमवारी पहिल्याच कॉलवर बोलायला गेले आणि घशातून आवाजच नीट फुटेना. सर्दी नव्हती, घसा दुखत नव्हता. आठवून पाहिलं, तर शुक्रवारी रात्री लॅपटॉप मिटल्यापासून मी कोणाशी एक शब्द बोलले नव्हते. दूध दाराला अडकवलेल्या पिशवीत, भाजी ॲपवरून, डबा वॉचमनकडे ठेवलेला.

सगळं दारात मागवणं

ही पहिली चूक, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी. वेळ वाचतो म्हणून आपण एकेक गोष्ट दारात आणवतो आणि त्या प्रत्येक गोष्टीबरोबर एक माणूस दिवसातून कमी होतं. मी फक्त डबा बदलला. घरपोच बंद केला आणि स्वतः आणायला जाऊ लागले. चालत सात मिनिटं. डब्याच्या काकू पोळ्यांना तूप लावता लावता विचारतात, "काय गं, काल आमटी तिखट झाली होती का?" उत्तर द्यायला थांबावंच लागतं. आता दोन दिवस गेले नाही तर त्यांचा फोन येतो. तुम्ही घरी स्वयंपाक करत असाल तर भाजी तरी खाली उतरून आणा, आणि शक्यतो रोज त्याच भाजीवालीकडून. ओळख रोजच्या जाण्यानेच होते.

दिवसाला सुरुवात नाही, शेवट नाही

साडेनऊचा कॉल आणि सव्वानऊचा गजर, तोही गादीवरच. असं चार-सहा महिने केलं की सुट्टीचा दिवस आणि कामाचा दिवस यांत फरकच उरत नाही. उपाय साधा आहे: कामाला बसण्याआधी एकदा घराबाहेर पडायचं. मी कुलूप लावून कमिन्स कॉलेजपर्यंत चालत जाते आणि परत येते. मग अंघोळ, बाहेर जायचे कपडे, आणि टेबल-खुर्ची. काम संपलं की लॅपटॉप कपाटात. टेबलावर उघडा राहिला तर रात्री अकराला "एकच मेल" बघितला जातो, हे मी पुष्कळदा केलंय.

अमेरिकेची टीम असेल तर आणखी एक गोष्ट सांभाळा. न्यूयॉर्कचे सकाळचे ९ म्हणजे आपले संध्याकाळचे ६:३०. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं मागे जातात आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत तीच मीटिंग आपल्याकडे ७:३० ला येते. काम एक तासाने लांबतं, सकाळची सुरुवात मात्र तीच राहते आणि माणूस थकतो. म्हणून नोव्हेंबर लागला की सकाळचा पहिला तास कॅलेंडरवर सरळ ब्लॉक करा आणि टीमला तसं कळवा. एक सोयही होते. थंडीत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे मीटिंगच्या आधी टेकडी होते. पाच वाजता गाडी काढायची, वेताळ टेकडीवर तासभर चालायचं, सात वाजता घरात. तिथे रोजचे चेहरे भेटतात. नावं माहीत नसतात, पण "काय, आज उशीर?" एवढं विचारणारं कोणीतरी असतं.

अडकल्यावर गप्प बसणं

ऑफिसात खुर्ची वळवून शेजारच्याला विचारलं असतं ते घरी चार-चार तास मनात ठेवलं जातं. "एवढंही येत नाही" असं वाटेल या भीतीने. मी अर्ध्या तासाची मर्यादा घातली आहे. तेवढ्यात सुटलं नाही तर चॅटवर लांब परिच्छेद लिहायचा नाही, थेट फोन करायचा.

पाठीचं थोडक्यात: लॅपटॉपखाली चार जाड पुस्तकं आणि वेगळा कीबोर्ड, नाहीतर मान धरतेच.

हे सगळं करूनही दोन आठवडे सलग मन उदास असेल, आवडीचं काही करावंसं वाटत नसेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, तर त्याला कंटाळा म्हणू नका. डॉक्टरांना दाखवा. १४४१६ ही सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन २०२२ पासून आहे. ती मोफत आहे, दिवसरात्र चालू असते आणि मराठीत बोलता येतं.

गुरुवारची तयारी न करणं

पुण्यात देखभालीसाठी वीज बंद ठेवायची तर बहुतेक गुरुवारी. महावितरणचा एसएमएस येतो, पण ग्राहक क्रमांकाला जोडलेल्या मोबाइलवर. भाड्याच्या घरात तो नंबर बहुधा मालकांचा असतो. त्यांना मेसेज पुढे पाठवायला आजच सांगून ठेवा. राउटरसाठी छोटा यूपीएस घ्या, मात्र घेण्याआधी अडॅप्टरवरचे व्होल्ट बघा. बऱ्याच राउटरचे १२ असतात.

माझी वारज्याची मैत्रीणही घरूनच काम करते. आता दर गुरुवारी ती माझ्याकडे येते, नाहीतर मी तिच्याकडे जाते. एकाच टेबलावर समोरासमोर बसून दोघी आपापलं काम करतो, बोलणं फारसं होत नाही. दीड वाजता डबे उघडतो. वीज गेलीच तर बॅटरी असेपर्यंत काम, आणि मग चहा टाकायचा.