मदेरातलं साओ लोरेन्सोचं टोक: उजाडतानाच निघा

पोर्तुगालच्या मदेरा बेटाच्या पूर्व टोकाची ही पायवाट जाऊन-येऊन जेमतेम ६-७ किलोमीटरची, पण वाटेत झाडाचं नाव नाही. दहानंतर डोक्यावर ऊन, अरुंद पायऱ्यांवर रांग आणि गाडी लावायला जागा नाही.

१. प्रवेशशुल्क आदल्या दिवशीच ऑनलाइन भरून ठेवा.
२. उजाडायच्या सुमारास बाइया द'आब्राच्या वाहनतळावर पोहोचा, पायवाट तिथूनच सुरू होते. लाल-काळ्या कड्यांवरचं कोवळं ऊन पाहायलाही हीच वेळ उत्तम.
३. जाताना फार थांबू नका, थेट वाटेच्या शेवटाजवळचं कासा दो सार्दिन्या हे घर गाठा. तिथल्या ताडांखाली सावली मिळते, न्याहारी तिथेच करा. फोटो परतताना काढा, तेव्हा ऊन पाठीशी असतं.
४. माणशी दीड लिटर पाणी आणि वारा अडवणारं पातळ जाकीट घ्या. टोपीला दोरी हवीच.

पहिल्याच उत्तरेकडच्या सज्जावर वाऱ्याचा अंदाज घ्या. तिथेच तोल जात असेल तर मागे फिरा, कारण पुढची खिंड याहून अरुंद आहे. आणि तारेच्या कठड्यापलीकडे पाऊल टाकू नका: ज्वालामुखीचा खडक भुसभुशीत असतो, काठ सहज ढासळतो.