दुष्काळ चढत असताना विहिरी-ओढ्यांच्या नोंदी: या चुका टाळा

२०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. महाराष्ट्रात ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला तो ३१ ऑक्टोबरला. मधले दोन महिने असे असतात की पीक करपतंय हे बांधावरून दिसतं, पण प्यायचं पाणी कधीपर्यंत पुरेल हे कुणालाच दिसत नाही. ते मोजावं लागतं. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेतही जलाशयाचा साठा, भूजल पातळी आणि नदी-नाल्यांचा प्रवाह हे निर्देशक आहेत. गावपातळीवर हे मोजणारा माणूस बहुतेक वेळा पंचायतीचा पाणी सोडणारा कर्मचारी, जलसुरक्षक किंवा एखादा हौशी शिक्षक असतो.

अशा नोंदवह्या चाळल्या की दिसतं, टेप क्वचितच चुकतो. घोटाळा होतो तो 'शेरा' हा रकाना कोरा राहिल्यामुळे. त्या वेळी पंप चालू होता का, बंधाऱ्याला फळ्या लावल्या होत्या का, टँकर येऊन गेला होता का, हे लिहिलेलं नसेल तर दोन दशांशांपर्यंत अचूक आकडाही फसवतो. आणि दुष्काळ चढत असताना तो बऱ्याचदा 'अजून बरं आहे' याच बाजूला फसवतो.

'पहाटे मोजलं' म्हणजे स्थिर पातळी नव्हे

विहीर पहाटे मोजा, रात्रभर ती भरलेली असते, असं सगळेच सांगतात. शेतीपंपांना पाळीने वीज मिळते हे त्यात कुणी धरत नाही. ज्या आठवड्यात रात्रीची लाइट असते त्या आठवड्यात पहाटे पाच वाजता शिवारातल्या सगळ्या मोटारी नुकत्याच बंद झालेल्या असतात, किंवा चालूच असतात. मग एका आठवड्याची नोंद विसावलेल्या विहिरीची, दुसऱ्याची उपशाखालच्या विहिरीची. आलेखावर पातळी दीड मीटर खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली. लोक म्हणतात यंत्र बिघडलं.

उपाय सोपा आहे. पातळी घ्या, अर्ध्या तासाने पुन्हा घ्या. दोन्हींत दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर विहीर अजून भरतेय. तो आकडा टाकून देऊ नका, पण 'भरत असताना' असा शेरा मारा. शेवटची मोटार किती वाजता बंद झाली ते विचारून लिहा. शेजारच्या शेतातल्या बोअरचंही विचारा. आपल्याकडच्या काळ्या खडकात, म्हणजे बेसाल्टमध्ये, पाणी भेगांमधून आणि पोकळ थरांतून चालतं. दोन्ही एकाच थरावर असतील तर बऱ्याच अंतरावरची मोटारही तुमची विहीर ओढते.

आणखी एक गोष्ट, जी मला स्वतः पातळीइतकीच मोलाची वाटते: विहीर भरायला किती वेळ लागतो. ऑक्टोबरात एका रात्रीत भरणारी विहीर डिसेंबरात दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत भरत असेल, तर पातळी फारशी न उतरताही आवक घटल्याचं ते लक्षण आहे. हे शेतकऱ्याला तोंडपाठ असतं. वहीत मात्र त्यासाठी रकानाच नसतो.

कोरड्या विहिरी वगळल्या की सरासरी सुधारते!

ही चूक सर्वांत महागात पडते, कारण ती करणाऱ्याला आपण काही चुकतोय असं वाटतच नाही. उदाहरण घ्या. पाच विहिरींची पाण्यापर्यंतची खोली जमिनीपासून ६, ८, ९, ११ आणि १२ मीटर. सरासरी ९.२. पुढच्या महिन्यात पहिल्या तीन ७, ९.५ आणि १०.५ वर गेल्या. उरलेल्या दोन कोरड्या पडल्या. कोरड्या विहिरीला पातळी नाही म्हणून तिथे रेघ मारली. राहिलेल्या तिघींची सरासरी निघते ९.०. कागदावर पाणी वीस सेंटिमीटर वर आलं! प्रत्यक्षात प्रत्येक विहीर खाली गेली आणि दोन संपल्या.

काही वह्यांत याहून वाईट प्रकार असतो: कोरडीपुढे '०' लिहितात. खोली शून्य म्हणजे पाणी काठोकाठ. संगणकाला शेरा कळत नाही, तो ते शून्य निमूटपणे सरासरीत धरतो.

कोरड्या विहिरीपुढे 'कोरडी, तळ १२.५ मी.' असं लिहा. पाणी तळाच्याही खाली गेलंय, म्हणजे खोली १२.५ पेक्षा जास्त, एवढं आपल्याला नक्की माहीत आहे. मग सरासरीऐवजी मधली किंमत काढा. वरच्या उदाहरणात पहिल्या महिन्यात मधली विहीर ९ मीटरवर होती. दुसऱ्या महिन्यात क्रम लावला तर ७, ९.५, १०.५ आणि दोन कोरड्या, मधली १०.५. उतार दीड मीटर. शिवारातली माणसं जे सांगत होती त्याच्याशी हे जुळतं. सोबत 'पाचपैकी दोन कोरड्या' हेही लिहून टाका, बैठकीत ते वाक्य जास्त ऐकलं जातं.

मोजायची जागा हलली

कठडा बांधला, दुरुस्तीत काठ फूटभर उचलला, आणि एका महिन्यात पाणी ३० सेंटिमीटर 'खाली' गेलं. काठावर एका ठिकाणी ऑइल पेंटने लाल खूण करा, ती जमिनीपासून किती उंच आहे ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि दर वेळी तिथूनच टेप सोडा. फूट आणि मीटर एकाच वहीत नकोत. विहीर खोल केली, आडवे बोअर मारले, गाळ काढला, की तारीख टाका. त्यानंतरची विहीर जुन्या नोंदींच्या दृष्टीने वेगळी विहीर आहे.

तुलना कशाशी करायची?

जानेवारीची पातळी ऑक्टोबरपेक्षा खाली असणारच. चांगल्या पावसाच्या वर्षीही असते. 'तीन महिन्यांत दोन मीटर घट' ही बातमी म्हणून खपते, दुष्काळाबद्दल ती काही सांगत नाही. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा तिच्या ठरलेल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजते: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. तुलना होते त्याच महिन्याच्या मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी. पाऊस वीस टक्क्यांहून अधिक कमी आणि ऑक्टोबरची पातळी त्या सरासरीपेक्षा तीन मीटरहून जास्त खाली असेल तर टंचाई ऑक्टोबरपासूनच धरतात. दोन ते तीन मीटर असेल तर जानेवारीपासून, एक ते दोन मीटर असेल तर एप्रिलपासून. टंचाई आराखड्यात तुमचं गाव कधी येतं ते या मीटरभराच्या फरकावर ठरतं, म्हणून वरची तीस सेंटिमीटरची कठड्याची चूक किरकोळ समजू नका.

पाच वर्षांच्या सरासरीतही एक खाच आहे. त्या पाचांत दोन वर्षं दुष्काळाची असतील तर सरासरीच खाली गेलेली असते आणि यंदाची घट लहान दिसते. जुन्या नोंदी असतील तर एखाद्या भरल्या वर्षाशीही ताडून पाहा, आणि कोणतं वर्ष घेतलं ते लिहा.

विहीर चुकीची निवडली

रस्त्याकडेला आहे म्हणून निवडलेली विहीर पाझर तलावाखाली असते, किंवा कालव्याच्या लाभक्षेत्रात. कालव्याला आवर्तन, म्हणजे पाळीचं पाणी, सुटलं की तिथे पाणी चढतं आणि सगळं गाव सुखात असल्याचा अहवाल जातो. अशी विहीर मोजायला हरकत नाही, ती गावाची प्रतिनिधी मानायला हरकत आहे. वरच्या अंगाला, माथ्याकडे एक तरी विहीर घ्या. दुष्काळ तिथे आधी पोचतो.

गावाची सार्वजनिक विहीर तर मार्चनंतर निरुपयोगीच, कारण टँकर तिच्यातच रिकामा करतात.

बोअर आणि विहीर यांचे आकडे एका सरासरीत घालू नका. विहीर वरच्या मुरमातलं आणि झिजलेल्या खडकातलं पाणी दाखवते. चारशे-पाचशे फुटांचं बोअर खालच्या एखाद्या भेगेतलं. दोन्हींचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही. बोअरमध्ये टेप सोडताना वरच्या थरातून ठिबकणारं पाणी टेपच्या टोकाला लागून पाणी लागताच बीप देणारं यंत्र आधीच वाजतं. पाण्याचा आवाज येत असेल तर पहिल्या बीपवर विश्वास ठेवू नका. टेप आणखी खाली सोडा, बीप सलग वाजू लागली की तीच पातळी. दोन-तीनदा वर-खाली करून खात्री करा. आणि चालू मोटारीच्या बोअरमध्ये टेप कधीही सोडू नका. केबलला गुंडाळला की गेला.

नदीत पाणी आहे म्हणजे प्रवाह आहे असं नाही

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना पावसाळा सरला की फळ्या बसवतात. त्यानंतर वरच्या बाजूची मोजपट्टी चढते आणि नुसता पातळीचा आलेख पाहणाऱ्याला नदी वाढल्यासारखी वाटते. आवक घटत असतानाही डोह तुडुंब असू शकतो. अशा ठिकाणी पातळी म्हणजे साठा, प्रवाह नव्हे. प्रवाह मोजायचा तर फुगवट्याच्या, म्हणजे बंधाऱ्याने तुंबलेल्या पाण्याच्या, वर जा, जिथे पाणी वाहताना दिसतं.

दुसरा चकवा आवर्तनाचा. उजनीतून सोलापूरसाठी भीमेत पाणी सोडलं की पंढरपूरच्या खालीही नदी भर उन्हाळ्यात वाहते. ते पाणी धरणाचं आहे, त्या खोऱ्याच्या भूजलाचं नाही. मोठ्या नदीवर मोजत असाल तर पाणी सोडल्याची तारीख पाटबंधारे शाखेकडून घ्या. खरं तर गावाने मोठ्या नदीच्या नादी लागूच नये. आपला ओढा मोजावा. पाऊस थांबल्यावर ओढ्यात जे वाहतं ते जवळपास सगळं भूजलच असतं, आणि विहिरीत काय होणार याची पहिली खबर तिथे मिळते.

ओढ्याची धार बारीक झाली की तरंगती वस्तू सोडून वेग काढायची पद्धत बाजूला ठेवा. पृष्ठभागाचा वेग ०.८५ ने गुणून सरासरी वेग काढतात, पण वीतभरही खोली नसलेल्या दगडगोट्यांच्या पात्रात तो गुणक जुळत नाही. धार एका ठिकाणी पडत असेल तर बादली आणि घड्याळ पुरेसं आहे. नाहीतर काटकोनी 'व्ही' खाच कापलेला पत्रा ओढ्यात बसवा. खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची १० सेंटिमीटर असेल तर प्रवाह सेकंदाला साधारण ४.४ लिटर, ११ सेंटिमीटर असेल तर ५.५. एका सेंटिमीटरला पाव हिस्सा फरक! टंचाईत टँकरचं प्रमाण माणशी दिवसाला २० लिटर धरतात. सेकंदाला एक लिटर म्हणजे दिवसाला ८६,४०० लिटर, त्या हिशोबाने चार हजारांवर माणसांचं पाणी. पट्टी तिरकी धरली की एवढं पाणी कागदावर येतं किंवा जातं.

ही उंची खाचेच्या ओठावर मोजू नका, तिथे पाणी वाकून खाली आलेलं असतं. उंचीच्या तीन-चार पट मागे, संथ पाण्यात खुंटी ठोका आणि तिथे वाचा. पत्र्याच्या बाजूने किंवा खालून पाझर असेल तर आधी चिखल-माती दाबा. वरच्या बाजूला कुणी ओढ्यातून मोटारीने पाणी उपसतंय का तेही पाहा. दुपारी तुटलेली धार पहाटे पुन्हा लागते ती बऱ्याचदा यामुळे.

यातलं काहीच जमत नसेल तर एक नोंद मात्र चुकवू नका: धार कोणत्या तारखेला आणि कुठे तुटली. पुलाखाली २० नोव्हेंबरला, वरच्या बंधाऱ्यापाशी ५ डिसेंबरला, अशा नोंदी चार-पाच वर्षांच्या जमल्या की यंदा धार किती आठवडे आधी तुटली ते सांगता येतं. याला यंत्र लागत नाही. वाळूच्या पात्रात पाणी वरून दिसेनासं झालं तरी खाली वाहत असतं; झिरा, म्हणजे वाळूत खड्डा, काढून पाणी किती हातांवर लागतं तेही लिहा.

लॉगर बसवला म्हणजे सुटलो, असं नाही

पातळी आपोआप नोंदवायला पाण्यात सोडलेले काही स्वयंचलित लॉगर पाण्याबरोबर हवेचाही दाब मोजतात. हवेचा एक हेक्टोपास्कल (दाबाचं एकक) म्हणजे सुमारे एक सेंटिमीटर पाणी, आणि आपल्याकडे हवेचा दाब रोज दोनदा तीन-चार हेक्टोपास्कलने चढतो-उतरतो. आलेखावर दिवसातून दोन लाटा दिसत असतील तर आधी हवेच्या दाबाची दुरुस्ती केली आहे का ते बघा. लाट तशीच आहे पण पातळी महिनाभर सपाट आहे, याचा अर्थ बहुधा पाणी लॉगरच्या खाली गेलंय आणि तो हवेत लटकतोय. दुष्काळात ही सपाट रेघ 'पातळी स्थिर' म्हणून वाचली जाते. दर महिन्याला हाताने एक पातळी घेऊन ताडून पाहणं हाच यावर इलाज.

धरणाचे टक्के

बातमीतला टक्का उपयुक्त साठ्याचा असतो. उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला जवळपास ६४ टीएमसी मृत साठा, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेलं तळाचं पाणी. म्हणून ते धरण 'उणे' टक्क्यांत जातं आणि तरीही त्यात पाणी दिसतं. जायकवाडीत मृत साठा २६ टीएमसी आहे. दोन धरणांचे टक्के शेजारी ठेवून तुलना करू नका, टीएमसी किंवा दलघमीत (दशलक्ष घनमीटर) लिहा.

तुमचा आकडा आणि भूजल यंत्रणेचा आकडा जुळत नाही तेव्हा

लगेच भांडू नका, तीन गोष्टी विचारा: निरीक्षण विहीर कोणती, मोजणीची तारीख कोणती आणि खोली जमिनीपासून धरली की काठापासून. बहुतेक फरक इथेच मिटतो. एकेक निरीक्षण विहीर मोठ्या पाणलोटासाठी असते, ती तुमच्या गावात नसेलही. तसं असेल तर त्यांच्या मोजणीच्या दिवसांत आपल्या विहिरीही मोजा आणि लाल खुणेची उंची, उपशाचा शेरा, कोरड्या विहिरींची संख्या यांसह तो तक्ता ग्रामसभेच्या ठरावाला जोडून तहसीलला द्या. नुसती सरासरी पाठवलेला अर्ज परत पाठवणं सोपं असतं. विहीरवार तक्ता आला की कुणाला तरी टेप घेऊन गावात यावं लागतं.