टमी टक आणि मेडिक्लेम : निदान या चुका तरी टाळा

"ताई, टमी टक मेडिक्लेममध्ये बसतं का हो?" हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी येतो. टमी टक म्हणजे पोटाची सैल चामडी काढून पोट आवळण्याचं ऑपरेशन. पुण्यातल्या एका हॉस्पिटलच्या मेडिक्लेम काउंटरवर मी अकरा वर्षं बसतेय. याचं उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात देता येत नाही. ज्यांना ते एका शब्दातच हवं असतं, त्यांच्याच फायली पुढे अडकतात. तेच चेहरे, त्याच चुका आणि तेच रडणं बघून जीव थकतो, म्हणून आज सगळं लिहून काढते.

आधी नियम सांगते. आपल्याकडच्या आरोग्य विमा पॉलिसींमध्ये काही गोष्टी वगळल्याची यादी सगळ्या कंपन्यांत सारख्याच शब्दांत असते. आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१९ साली ती ठरवून दिली. तुमच्या पॉलिसीत 'एक्सक्ल ०८' हे त्या यादीतलं कलम शोधा. तिथे लिहिलंय की कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरीचा, दिसणं बदलण्यासाठी केलेल्या उपचाराचा खर्च मिळणार नाही. अपवाद असे : अपघात, भाजणं किंवा कॅन्सर यानंतर करावी लागणारी पुनर्रचना, आणि तब्येतीला असलेला थेट, तातडीचा धोका काढून टाकण्यासाठी गरजेचा असलेला उपचार. ही गरज आहे, असं उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी लेखी दिलं पाहिजे. टमी टकचं सगळं भांडण या एका परिच्छेदात आहे. बाळंतपणानंतर पोट सैल पडलं, साडी नीट बसत नाही, फोटोत बरं दिसत नाही, हे दुःख खरं आहे आणि मी ते कधी हलकं मानत नाही. पण त्याचे पैसे कंपनी देणार नाही.

"दोन वर्षं थांबले की होईल ना?"

नाही होणार. वेटिंग पिरियड वेगळा आणि वगळलेली गोष्ट वेगळी. हर्नियाला बहुतेक पॉलिसींत २४ महिने थांबावं लागतं, त्यानंतर तो कव्हर होतो. कॉस्मेटिक सर्जरी मात्र दहा वर्षं हप्ते भरले तरी वगळलेलीच राहते. ६० महिन्यांच्या नियमाचंही लोक असंच चुकीचं ऐकून येतात. पाच वर्षं सलग पॉलिसी चालली की जुन्या आजाराची माहिती सांगितली नाही या कारणावरून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. वगळलेल्या गोष्टी त्याने आत येत नाहीत. नोकरीच्या ग्रुप पॉलिसीचंही तसंच. तिथे हर्निया पहिल्या दिवसापासून कव्हर असू शकतो, पण म्हणून टमी टक होत नाही.

त्रास अंगावर, कागदावर काहीच नाही

ही माझ्या डोळ्यांसमोर सर्वात जास्त वेळा झालेली चूक, आणि सर्वात जास्त जिव्हारी लागलेली.

काही वर्षांपूर्वी चाळिशीतल्या एक शिक्षिका आल्या होत्या. बॅरिॲट्रिक, म्हणजे वजन कमी करण्याच्या सर्जरीनंतर त्यांचं वजन चाळीस किलोच्या वर उतरलं होतं. पोटाची चामडी इतकी लोंबत होती की मांडीवर यायची. बोलता बोलता त्यांनी पर्समधून प्लास्टिकची पिशवी काढली. आत जुन्या सुती साडीचे चौकोनी तुकडे, नीट घड्या घालून ठेवलेले. घाम टिपायला चामडीच्या घडीखाली ते खोचायच्या आणि शाळेत मधल्या सुट्टीत बदलायच्या. पावसाळ्यात तिथली त्वचा सोलून निघायची, पाणी सुटायचं, वास यायचा. दोन वर्षं हे चालू होतं. मी विचारलं, डॉक्टरांचे कागद? म्हणाल्या, "मेडिकलमधूनच मलम आणायचे, डॉक्टरांना काय दाखवायचं त्यात." दोन वर्षांत एकही केसपेपर नाही, एक बिल नाही. कागद होता तो एकच, एका कॉस्मेटिक क्लिनिकचा, आणि त्यावर पेशंटला पोटाचा आकार सुधारायचा आहे असं लिहिलेलं.

त्यांनी तारीख आधीच ठरवली होती, मे महिन्याची सुट्टी संपायच्या आत उरकायचं म्हणून. मी म्हटलं, सहा महिने थांबा, आधी स्किनच्या डॉक्टरांकडे जा. थांबल्या नाहीत. कॅशलेस नाकारलं, नंतरचा रिइम्बर्समेंटचा, म्हणजे भरलेले पैसे परत मागण्याचा क्लेमही नाकारला, दोन्ही वेळा कारण एक्सक्ल ०८. आमच्या सर्जननी चांगलं पत्र दिलं होतं, पण त्या पत्राच्या मागे उभं राहायला एकही जुना कागद नव्हता. पतसंस्थेचं कर्ज काढून त्यांनी बिल भरलं. त्यांचा त्रास शंभर टक्के खरा होता, हे मला आजही टोचतं.

तेव्हापासून माझी सवय पक्की झाली. घडीखाली पुरळ, फोड, बुरशी असं काही असेल तर मी आधी त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवते. प्रत्येक वेळी नवा केसपेपर, तारखेसह, औषधाच्या बिलासह. किती दिवस उपचार केले, बरं झालं का, पुन्हा कधी झालं, हे सगळं त्यावर आलं पाहिजे. फोटो हॉस्पिटलमध्येच काढून घ्यायचे : समोरून, बाजूने आणि घडी उचलून आतली त्वचा दिसेल असा एक. चालताना त्रास, कंबरदुखी असेल तर ती ऑर्थोपेडिकच्या कागदावर. वजन किमान सहा महिने स्थिर आहे याचीही नोंद. ऑपरेशनचं नावही नेमकं हवं. फक्त लोंबणारी चामडी काढायची असेल तर ती पॅनिक्युलेक्टमी. टमी टक म्हणजे ॲब्डोमिनोप्लास्टी, त्यात स्नायू आवळणं आणि बेंबी नव्याने बसवणंही येतं. दोन्हीला सरसकट टमी टक म्हणणारा कागद कंपनीकडे गेला की वाचणारा पहिल्याच ओळीला थांबतो. शब्द फिरवायला मी सांगत नाहीये. जे होणार आहे, तेच लिहा.

या तयारीने आलेल्या एका बाईंचं पॅनिक्युलेक्टमीचं मंजूर झालं, कंपनीने दोनदा शंका विचारल्यावर. दुसऱ्या एकींचं एवढं सगळं असूनही नाकारलं. हमी मी कुणालाच देत नाही, आणि देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

"कागदावर हर्निया लिहून द्या ना"

हे वाक्य कानावर आलं की मी पेन खाली ठेवते.

गरोदरपणात पोटाचे उभे स्नायू मधून फाकतात. उठून बसताना मधोमध उंचवटा दिसतो आणि घरचे त्याला हर्निया म्हणून मोकळे होतात. पण स्नायू फाकणं म्हणजे डायस्टॅसिस, त्यात पोटाच्या आतल्या पडद्याला भोक नसतं. हर्नियात भोक असतं, आणि सोनोग्राफीत किंवा सीटी स्कॅनमध्ये त्याचं माप सेंटिमीटरमध्ये येतं. भोक नसताना हर्निया लिहिला तर कंपनीचा माणूस चौकशीला येतो, केसपेपर आणि ओटी नोट्स, म्हणजे ऑपरेशनच्या नोंदी मागतो, जाळीचा स्टिकर कुठंय विचारतो. हर्नियाला जाळी बसवली की तिच्या पाकिटावरचा स्टिकर फाइलमध्ये चिकटवलेला असतो. कारण न देता तो नसेल तर तिथेच संशय येतो. फसवणूक सिद्ध झाली तर क्लेम जातोच, पॉलिसीही रद्द होऊ शकते आणि ६० महिन्यांचं संरक्षणही मिळत नाही. फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या घराची एकच पॉलिसी असेल तर त्यात सासूबाईंचं डायलिसिस आणि मुलाचा दमाही असतो. एका पोटासाठी सगळ्या घराचं छप्पर पणाला लावायचं का? असा शॉर्टकट सुचवणारे एजंट आणि नातेवाईक नंतर फोन उचलत नाहीत, हे मी पाहिलंय.

खरा हर्निया असणाऱ्यांची चूक वेगळी असते. ते दोन्ही ऑपरेशनं एकत्र करून घेतात आणि बिलही एकच घेतात. एका दुसऱ्या हॉस्पिटलमधून नाकारलेली फाइल घेऊन एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. बायकोला सिझरच्या टाक्यांतून हर्निया होता, सीटीत साडेतीन सेंटिमीटरचं भोक स्पष्ट दिसत होतं, वेटिंग पिरियडही पूर्ण. सोबत टमी टक केलेलं. बिलावर एकच ओळ : ॲब्डोमिनोप्लास्टी विथ हर्निया रिपेअर, पॅकेज. आणि खाली सगळ्या रकमेवर जीएसटी. आजारावरच्या उपचाराला सहसा जीएसटी नाही, कॉस्मेटिक सर्जरीला आहे. म्हणजे सगळं काम कॉस्मेटिक आहे, हे हॉस्पिटलने स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं. कंपनीने सगळंच नाकारलं, हर्नियासकट.

मी त्यांना सांगितलं, भांडायला जाऊ नका, बिल तोडून आणा. हर्नियाची सर्जन फी, जाळी, त्या भागापुरता ओटीचा आणि भुलीचा खर्च एका बिलात, टमी टकचा दुसऱ्या बिलात, जीएसटी फक्त दुसऱ्यावर. हर्निया दुरुस्त करणं स्वतंत्रपणे गरजेचं होतं, असं सर्जनचं पत्र. ओटी नोट्सची प्रत, सीटीचा रिपोर्ट, जाळीचा स्टिकर. हॉस्पिटलने बिल बदलून द्यायलाच तीन आठवडे लावले. शेवटी हर्नियाचा भाग मिळाला. हेच दोन एस्टिमेट ॲडमिट होण्याआधी घेतले असते तर एवढे हेलपाटे पडले नसते. आता माझ्याकडे असं जोड-ऑपरेशन आलं की दोन एस्टिमेट वेगवेगळी झाल्याशिवाय मी प्री-ऑथचा, म्हणजे आधी मंजुरी मागण्याचा फॉर्म पाठवतच नाही. सर्जन घाई करतात, पेशंट चिडतात, पण मी थांबते.

बाकीच्या चुका, थोडक्यात

एजंट फोनवर "होऊन जाईल" म्हणाला, हा पुरावा नाही. ईमेल करा आणि उत्तर लेखी घ्या.

खोलीची मर्यादा बघा. पाच लाखांच्या पॉलिसीत भाड्याची मर्यादा एक टक्का असेल तर रोजचे ५००० मिळतात. ८००० ची खोली घेतलीत तर भाड्यासोबत डॉक्टरांची फी, ओटी असे इतर खर्चही त्याच प्रमाणात कापले जातात.

बॅरिॲट्रिक सर्जरी मंजूर झाली होती म्हणून नंतरची चामडी काढणं आपोआप मंजूर होत नाही. लठ्ठपणाची अट वेगळ्या कलमात आहे, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४० किंवा सोबत गंभीर आजार असतील तर ३५. चामडीचा विचार पुन्हा ०८ मध्येच होतो.

अजून मूल हवं असेल तर हे ऑपरेशन आत्ता करूच नका. पुन्हा पोट ताणलं जाईल आणि दुसऱ्यांदा कुणीही पैसे देणार नाही.

कॅशलेसची पहिली मंजुरी आली म्हणजे पूर्ण बिल मंजूर झालं, असं समजू नका. ती सुरुवातीची रक्कम असते, अंतिम हिशोब डिस्चार्जला होतो.

नाकारलं की गप्प बसणं

कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम नाकारला असं नाही. स्वतः बिल भरून रिइम्बर्समेंट मागता येतं. २०२४ च्या नियमांनुसार कॅशलेसचा पहिला निर्णय एका तासात आणि डिस्चार्जचा तीन तासांत द्यायचा असतो, त्यामुळे वेळ लिहून ठेवा. नाकारण्याचं पत्र मागा आणि त्यात कोणतं कलम लावलंय ते वाचा. लोक पत्र न वाचताच माझ्याशी भांडायला येतात. ०८ लावलं असेल तर वैद्यकीय गरजेचे कागद लागतील, वेटिंग पिरियड लावला असेल तर पॉलिसी सुरू झाल्याची तारीख लागेल. उत्तर त्या कलमाला द्यायचं.

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी द्या. आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवरही तक्रार घालता येते, १५५२५५ या नंबरवर फोन करता येतो. कंपनीने महिनाभरात उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे जा. पुण्यात आणि मुंबईत त्यांची कार्यालयं आहेत. फी लागत नाही, वकील लागत नाही, पण कंपनीच्या उत्तरापासून वर्षभराच्या आत जावं लागतं. जाताना फाइल तारखेच्या क्रमाने लावून न्या, सर्वात जुना स्किनच्या डॉक्टरांचा कागद सगळ्यात वर. मूळ कागद स्वतःकडे ठेवा आणि झेरॉक्सचे तीन संच काढा. त्यातल्या एकावर प्रत्येक ठिकाणी पोच घ्यायची, शिक्क्यासकट.