निवासी इमारतींची ऊर्जा संहिता: या चुका टाळा

ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या इको-निवास संहितेचा पहिला भाग 2018 मध्ये आला, तरी घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंतच्या प्रकल्पांच्या फायलींत त्याच त्या चुका अजूनही सापडतात.

सर्वांत जास्त घोळ खिडक्यांचा असतो. आपल्या उष्ण-दमट पट्ट्यात उघडणाऱ्या भागाचे क्षेत्रफळ चटई क्षेत्राच्या किमान 16.66 टक्के असावे लागते आणि नवखे अभियंते येथे खिडकीच्या चौकटीचे पूर्ण माप बिनदिक्कत लिहून मोकळे होतात. दोन शटरची स्लायडिंग खिडकी निम्मीच उघडते, म्हणून तिचे 50 टक्केच धरायचे असतात. बिजागरीच्या खिडकीचे 90 टक्के धरता येतात. 60 चौरस मीटरच्या सदनिकेला 10 चौरस मीटर उघडा भाग हवा, म्हणजे सगळ्या खिडक्या स्लायडिंग असतील तर त्या 20 चौरस मीटरच्या लागतील. बाल्कनीत उघडणारा दरवाजाही या हिशेबात येतो, हे मात्र बरेच जण विसरतात. मी खिडक्यांच्या तक्त्यात ‘उघडणारा भाग’ असा वेगळा रकाना ठेवतो आणि तो भरल्याशिवाय पुढचे आकडे पाहत नाही.

दुसरी चूक महागात पडते. भिंती, खिडक्या मिळून आत येणाऱ्या उष्णतेचा निर्देशांक, म्हणजे आरईटीव्ही, प्रति चौरस मीटर 15 वॅटच्या आत राहावा लागतो. घोडबंदर रोडवरील एका प्रकल्पात तो 200 मिमी एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या विटांच्या) भिंती धरून काढला होता. पुढे काम लवकर उरकावे म्हणून मिवान, म्हणजे ॲल्युमिनियमचे साचे, घेतले, बाहेरच्या भिंतीही काँक्रीटच्या झाल्या, नवे नकाशे आले. ऊर्जेचा तक्ता मात्र कोणी उघडलाच नाही. 200 मिमी एएसीच्या तुलनेत 150 मिमी काँक्रीटमधून चौपटीहून अधिक उष्णता आत येते, त्यामुळे 15 पैकी बहुतेक वाटा भिंतीच खातात आणि काचेसाठी काही उरत नाही. कागद जुळवताना हे उघडकीस आले, तेव्हा पश्चिमेच्या भिंतींना बाहेरून इन्सुलेशन लावण्यासाठी उतरवलेली परांची पुन्हा बांधावी लागली. भिंतीचा प्रकार बदलल्याच्या दिवशीच हिशेब नव्याने करावा. ‘शेवटी एकदमच करू’ म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

गच्चीवर विटांचा कोबा व चायना चिप्स घातल्या म्हणजे छताचा यू-व्हॅल्यू, म्हणजे त्यातून उष्णता किती सहज आरपार जाते याचे माप, 1.2 च्या आत आला, असे समजू नये. उष्णतारोधक थर लागतोच.

आरईटीव्ही खाली आणण्यासाठी गडद काच बसवणे हा तर आळशी उपाय आहे, कारण खिडक्यांचे प्रमाण भिंतीच्या 30 टक्क्यांपर्यंत असेल तर काचेतून किमान 27 टक्के प्रकाश आत यावा लागतो. त्यापेक्षा छज्जा द्यावा.

काच साइटवर उतरली की चलनावरचा एसएचजीसी (काच सूर्याची किती उष्णता आत सोडते तो आकडा) मंजूर तक्त्याशी ताडून पाहावा आणि खरेदी विभागाने ‘तशीच, पण स्वस्त’ काच पाठवली असेल तर ती बसवण्याआधी परत करावी.